दोन पेरांचा हिशेब

प्रश्न : अहमदपूरला माझं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे पंपाच्या मोटारींत तांब्याची तार भरून द्यायचं दुकान आहे. कार्तिकी एकादशीला साडेसात एचपीची मोटार चेन पुलीवरून निसटली आणि उजव्या हातावर आली. मनगट मोडलं, तर्जनीची वरची दोन पेरं काढावी लागली. माझी १० लाखांची अपघात पॉलिसी आहे. आठवड्याला ५,००० प्रमाणे ७ आठवड्यांचे ३५,००० मिळाले. रब्बीचा सीझन, गिऱ्हाईक तुटेल म्हणून येळवस (वेळा अमावस्या) झाली की दुकान उघडलं. मी काउंटरवर बसतो, वाइंडिंग हाताखालचा पोरगा करतो. दुकान उघडल्याचं कळताच कंपनीनं भत्ता बंद केला. महिन्याला खर्च जाऊन ४०,००० सुटायचे, आता १८,००० सुटतात. माझा मेहुणा मेलबर्नला असतो. पाठीच्या दुखण्यानंतर तो अर्धा दिवस कामावर जायला लागला, तरी त्याला विम्याचे पैसे येत राहिले. मग मला का नाही? मोंढ्यातले लोक म्हणतात, शटर पाडा, घरी बसा, पैसे चालू होतील. काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर :

नमस्कार. पत्र डाव्या हातानं लिहिलंय हे पहिल्या ओळीतच कळलं. अक्षर उलटीकडे कललंय आणि 'ळ' दर वेळी निराळा निघालाय. तरी सोबत पॉलिसीच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स जोडल्यात, त्याबद्दल आभार. निम्मे लोक फक्त पहिलं पान पाठवतात, आणि भांडण नेमकं नवव्या पानावर असतं.

शटर पाडू नका. बंद झालेला आठवड्याचा भत्ता पुन्हा चालू होणार नाही, त्यासाठी चपला झिजवू नका. पण तुमच्या पत्रात जिचं नावसुद्धा नाही अशी एक रक्कम तुम्हाला येणं आहे. ती ८०,००० रुपये आहे आणि तुम्ही ती अजून मागितलेलीच नाही. तिच्याकडे येतो, पण मेहुण्याचा प्रश्न आधी घेऊ. तो कळला की बाकीचं आपोआप उलगडेल.

आपल्याकडच्या अपघात पॉलिसीत 'अंशतः' हा शब्द शरीराला लावलेला असतो, कमाईला नाही. सगळी गोम इथं आहे. 'अंशतः अपंगत्व' म्हणजे शरीराचा काही अंश गेला : बोट, कान, डोळा, पायाचा अंगठा. कमाईचा काही अंश गेला तर त्याला तुमच्या पॉलिसीत नावच नाही. मेहुण्याचा विमा कमाईचा आहे, तुमचा अपघाताचा. दोन्हीकडे शब्द एकच, पण माल वेगळा.

तुमच्या आठवड्याच्या भत्त्याचं नाव बघा : 'तात्पुरते संपूर्ण अपंगत्व'. नवव्या पानावर त्याची व्याख्या आहे. तिचा अर्थ असा की, विमाधारक कोणत्याही प्रकारचं कोणतंही काम करायला पूर्णपणे असमर्थ असेल तोवरच भत्ता मिळेल. 'नेहमीचं काम' असं तिथं लिहिलेलं नाही, 'कोणतंही काम' लिहिलंय. वाइंडिंग करणारा माणूस पावत्या फाडू शकतो, फोन घेऊ शकतो, गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणू शकतो. ते जमायला लागलं की कंपनीच्या लेखी 'संपूर्ण' संपलं. शिवाय तुमच्या डॉक्टरांनी सातव्या आठवड्यात दिलेल्या कागदावर 'हलके काम करण्यास हरकत नाही' असं लिहिलंय. डॉक्टरांनी ते भल्यासाठीच लिहिलं. पण क्लेमच्या टेबलावर त्याच ओळीखाली पेन्सिलीची रेघ मारतात. मी २२ वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसलोय, त्यातल्या काही रेघा माझ्याही आहेत.

१० लाखांचा १ टक्का म्हणजे १०,००० होतात, मग ५,०००च का, असं तुम्ही समासात लिहिलंय. कारण अटच 'विमा रकमेच्या १ टक्का किंवा ५,०००, यांपैकी जे कमी ते' अशी आहे. एजंट पहिला अर्धा भाग सांगतो.

आता मेलबर्न. तिथल्या विम्याला इन्कम प्रोटेक्शन म्हणतात. त्यात आजार किंवा इजेमुळे काम थांबलं, की आधी ठरलेला प्रतीक्षा काळ जातो, बहुतेकदा ३०, ६० किंवा ९० दिवसांचा. त्या काळात माणसानं शिल्लक रजेवर नाहीतर साठवणीवर जगायचं. मग दरमहा पैसे सुरू होतात, साधारणपणे पूर्वीच्या कमाईच्या ७० टक्क्यांच्या आसपास. शंभर टक्के मुद्दामच देत नाहीत. घरी बसून तेवढंच मिळालं तर कामावर परत कोण जाईल? तुमच्या मेहुण्याला जे चालू राहिलं तो त्या विम्यातला अंशतः लाभ. माणूस थोडं काम करायला लागला, पण दुखण्यामुळे पूर्वीइतकं कमावत नाही, तर कमाईचा जेवढा हिस्सा बुडाला तेवढाच हिस्सा लाभाचा मिळतो.

तुमचेच आकडे घालून बघू. पूर्वीची कमाई ४०,०००. त्याचे ७० टक्के म्हणजे २८,०००, हा झाला पूर्ण लाभ. आता तुम्ही १८,००० कमावता, म्हणजे २२,००० बुडाले. ४०,००० मधले २२,००० म्हणजे ५५ टक्के. पूर्ण लाभाच्या, म्हणजे २८,०००च्या ५५ टक्के होतात १५,४००. काउंटरचे १८,००० आणि विम्याचे १५,४०० मिळून घरात ३३,४०० आले असते. घरी बसलात तर २८,०००, अर्धवट काम केलंत तर ३३,४००, आणि हात पूर्ण बरा झाला की ४०,०००. तिन्ही आकडे शेजारी मांडून बघा. शटर पाडण्यात तिथं तोटा आहे. तुमच्या पॉलिसीत मात्र शटर उघडलं की ५,००० वरून सरळ शून्य. मोंढ्यातल्या मंडळींना तो सल्ला सुचला तो पॉलिसीच्या या घडणीमुळेच, हे मी मान्य करतो.

मेहुण्याचं फार सुखाचं आहे असं समजू नका. तिथंही दर महिन्याला डॉक्टरचा कागद लागतो, पगाराच्या स्लिपा लागतात. काही पॉलिसींत आधी काही दिवस पूर्ण घरी बसल्याशिवाय अंशतः लाभाचं दारच उघडत नाही. काहींत तुम्ही 'कमावू शकला असता' ती रक्कम धरतात, कमावलेली नाही. मालकाकडून किंवा दुसऱ्या भरपाईतून काही मिळालं तर ते वळतं करतात. पण निदान मोजपट्टी कमाईची असते.

असा विमा आपल्याकडे सहजी का मिळत नाही? कंपन्यांना नावं ठेवण्याआधी आपली वही बघू. तुम्ही ४०,००० लिहिलेत ते मला पटतं, कारण सीझनला वाइंडिंगवाल्याच्या दारात मोटारींची रांग असते हे मी पाहिलंय. पण मृगानंतर पाऊस चांगला झाला की महिना-दोन महिने पंप कोण चालवतं? तेव्हा किती सुटतात? आणि तुमच्या रिटर्नमध्ये किती दाखवलेत? कमाईचा विमा द्यायचा तर 'आधी किती' आणि 'आता किती' हे दोन आकडे कागदावर पाहिजेत. आपल्या अर्ध्या बाजारपेठेचा पहिला आकडा वहीत असतो आणि वही गल्ल्याखाली. त्यापेक्षा बोटांची पेरं मोजणं कंपनीला सोपं पडतं.

आणखी एक फरक जाता जाता. तुमची पॉलिसी फक्त अपघाताची आहे. उद्या मणक्याची गादी सरकली किंवा अर्धांगवायू झाला, तर तीत एक रुपया नाही. मेहुण्याचं दुखणं पाठीचं होतं, तेच इथं तुम्हाला झालं असतं तर पहिल्या आठवड्याचे ५,०००ही मिळाले नसते.

शटरबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही विचारलंत. अशा फायलीत कंपनी इन्व्हेस्टिगेटर पाठवते. तो दुकानात येत नाही. समोरच्या हॉटेलात चहा पितो, शेजाऱ्याला 'मोटार भरून द्यायचीय, मिस्त्री कधी भेटतील' असं विचारतो आणि फोटो काढून जातो. फोन पेवर आलेले पैसे, पार्ट्सची बिलं, सगळं बोलतं. खोटा क्लेम सापडला तर भत्ता जाईलच, पण त्याच फायलीतले तुमचे ८०,०००ही धोक्यात येतील.

आता त्या ८०,०००कडे. तुमच्या पॉलिसीच्या अकराव्या पानावर एक तक्ता आहे. शीर्षक आहे 'कायमचे अंशतः अपंगत्व'. तो नीट वाचा, कसाबाच्या दुकानातल्या दरफलकासारखा वाटतो, पण वाचा. अंगठ्याची दोन्ही पेरं गेली तर विमा रकमेच्या २५ टक्के, एक गेलं तर १०. तर्जनीची तिन्ही पेरं १० टक्के, दोन पेरं ८, एक पेर ४. मधलं बोट ६ टक्क्यांपासून खाली. करंगळी पूर्ण गेली तरी ४. एका कानाचं ऐकणं गेलं तर १५. तुमची तर्जनीची दोन पेरं गेली आहेत, म्हणजे ८ टक्के. १० लाखांचे ८ टक्के ८०,०००.

तक्ता तुमचा धंदा विचारत नाही. अडतीवर बसून पट्ट्या लिहिणाऱ्याचं बोट ८ टक्के आणि तुमचंही ८ टक्केच. इन्सुलेशनचा कागद घातलेल्या खाचेत तांब्याच्या तारांचा गुच्छ बसवताना तार अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोडायची असते. किती ताण द्यायचा, तारेचा एनॅमल कुठं खरवडतोय, हे तर्जनीच्या टोकालाच कळतं. तुमचं तेच टोक गेलं. कमाई निम्म्याहून खाली आली ती त्याच्यामुळे, आणि तक्त्याला त्याचा पत्ता नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. पण वाद घालायचा तो पॉलिसी घेताना. नंतर जे लिहिलंय तेवढं पूर्ण वसूल करायचं.

तुमच्या क्लेम फॉर्मवर तुम्ही फक्त 'साप्ताहिक भत्ता' या चौकटीवर खूण केलीय. कायमच्या अपंगत्वाची चौकट कोरी आहे. कंपनीनं मागितलं तेवढं दिलं आणि फाइल बंद केली. स्वतःहून कुणी सांगितलं नाही हे वाईटच, पण चौकट अजून भरता येते. अपघाताच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत ते अपंगत्व सिद्ध झालेलं असावं, अशी अट आहे. आता शिमगा येतोय, म्हणजे चारच महिने झालेत. उशीर झाला म्हणून कुणी हात वर केले, तर त्यांना सांगा की केवळ कळवायला उशीर झाला या कारणावर खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामक आयआरडीएआयनं २०११च्या सप्टेंबरमध्येच परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलंय.

कागद असे लागतील : ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड, ज्यात 'तर्जनी, दोन पेरं' हे स्पष्ट हवं, नुसतं 'बोटाला इजा' चालणार नाही. ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे. हाताचा उघडा फोटो, दोन्ही बाजूंनी. आणि शासकीय रुग्णालयातलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र. या प्रमाणपत्रावर जी टक्केवारी येईल ती बघून घाबरू नका. तिथली टक्केवारी वेगळ्या नियमानं काढतात, सवलतींसाठी ४० टक्क्यांची जी रेघ असते ती त्या टक्केवारीची. विम्याचे ८ टक्के या तक्त्यातूनच येतात. कंपनीला प्रमाणपत्रातून हवं असतं ते एवढंच की पेरं गेली आणि ती कायमची गेली.

मनगट विसरू नका. पत्रात लिहिलंय की मूठ पूर्ण वळत नाही, स्क्रू ड्रायव्हर फिरवताना कळ येते. तक्त्याच्या तळाशी एक ओळ आहे : 'इतर कोणतेही कायमचे अंशतः अपंगत्व, वैद्यकीय तपासणीनुसार'. मनगटाचा ताठरपणा कायमचा ठरला तर तो या ओळीत बसतो. पण त्यासाठी थांबायला हवं. फिजिओथेरपी पूर्ण करा, सहाव्या महिन्यात हाडाच्या डॉक्टरांकडून मनगट किती अंश वळतं ते मोजून लिहून घ्या. बोटाचा अर्ज मात्र आत्ताच टाका आणि त्यात एक ओळ लिहा, 'मनगटाबाबतचा दावा उपचार पूर्ण झाल्यावर सादर करीत आहे'.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर माझ्यावर चिडू नका. काही पॉलिसींत एकाच अपघाताचे दोन लाभ असले तर आधी दिलेला भत्ता कायमच्या रकमेतून वळता करतात. तुमच्या पॉलिसीतलं कलम त्याबाबत मोघम आहे : 'एकाच कालावधीसाठी' दोन लाभ नाहीत, असं म्हटलंय. भत्ता त्या सात आठवड्यांचा होता, बोट जन्माचं आहे, म्हणून ३५,००० कापू नयेत अशी माझी बाजू. कंपनी ४५,०००चा चेक काढू पाहील. घाईत 'पूर्ण व अंतिम' या कागदावर सही करू नका. आधी लेखी विचारा, कुठल्या कलमानं कापले.

उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभर वाट बघा. मग विमा लोकपाल. मराठवाड्यातल्या तक्रारी पुण्याच्या लोकपाल कार्यालयात जातात. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. फोनवर बोलायचं तर १५५२५५ हा नियामकाचा तक्रारीचा क्रमांक आहे.

बँकेतून २० रुपये कापून जो प्रधानमंत्री सुरक्षा विमा असतो, त्यातून काही मिळेल का असं तुम्ही विचारलंय. नाही. त्यात अंशतः अपंगत्वाचे १ लाख आहेत, पण ते एक डोळा, एक हात किंवा एक पाय पूर्ण निकामी झाला तरच. बोटाला त्यात जागा नाही. शेतकरी कुटुंबांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतही १ लाख एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यावर, आणि तो अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावा लागतो. सोयाबीनच्या मळणीत हात गेलेल्यांनी हे वाचत असाल तर तिकडे जा, माझ्याकडे नको.

तुमच्या चुलतभावाचं उदाहरण तुम्ही दिलंत. वाळूजला प्रेसवर त्याचीही तर्जनीची दोन पेरं गेली, आणि त्याला दर महिन्याला पैसे येतात, पगारही पूर्ण मिळतो. 'त्याचं बोट सोन्याचं का?' असं तुम्ही लिहिलंत. त्याचा विमा ईएसआयचा, म्हणजे कामगारांसाठीच्या सरकारी कर्मचारी राज्य विमा योजनेचा आहे. तिथं कामावरच्या इजेची टक्केवारी 'कमावण्याची क्षमता किती गेली' या नावानं काढतात, आणि त्या यादीत तर्जनीची दोन पेरं ११ टक्के आहेत. पूर्ण अपंगत्वाला मजुरीच्या ९० टक्के, तर याला त्याचे ११ टक्के, जन्मभर. रोजची मजुरी ५०० धरली तर ९० टक्के ४५०, त्याचे ११ टक्के साडेएकोणपन्नास, म्हणजे महिन्याला सुमारे १,४८५. भाऊ कामावर गेला तरी ते बंद होत नाहीत. रक्कम लहान आहे, पण तुमच्या ८०,०००ला ती साडेचार वर्षांत गाठेल आणि पुढे चालूच राहील.

हे वाचून तुमच्या मनात येईल की मग मीही ईएसआयमध्ये जातो. तुम्ही मालक आहात, ते दार तुम्हाला नाही. पण तुमच्या हाताखालचा पोरगा मालक नाही. दोन-तीन माणसांच्या दुकानाला ईएसआय लागत नसला, तरी त्याला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. आपल्याकडे १९२३चा कामगार भरपाई कायदा झाला तेव्हापासून हे तत्त्व आहे. त्या कायद्यात तात्पुरत्या 'अंशतः' अपंगत्वालाही पैसे होते, आणि ते आधीची मजुरी आणि आताची मजुरी यांच्यातल्या फरकाहून जास्त देऊ नयेत असा नियम होता. म्हणजे कमाई मोजायची ती मेलबर्नची पट्टी शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडेही होती, फक्त ती मजुरासाठी होती, दुकानदारासाठी नाही.

त्या पोराच्या नावानं नुकसानभरपाईची पॉलिसी घ्या. अपघात पॉलिसी विकणारी कंपनीच ती देते. हजेरीचं रजिस्टर ठेवा, पगार खात्यात टाका. आता सगळं वाइंडिंग तोच करतोय, साडेसातच्या मोटारीही तोच चढवत असणार. चेन पुलीचा हुक बदलला की नाही, ते पत्रात कुठंच लिहिलेलं नाही तुम्ही.